मुलाला एएलएल आहे असं कळलं, आता पुढे काय? अडीच वर्षांची वाट, पायरीपायरीने

तीन आठवडे आमच्याकडे 'पाय दुखतो' एवढंच चाललं होतं. लेक चार वर्षांची. अंगणवाडीतून येताना कडेवर घे म्हणायची, रात्री नडगी धरून रडायची. वाढीचं दुखणं असेल, कॅल्शियम कमी असेल, कुणाची तरी नजर लागली असेल, सगळ्यांचं सगळं सांगून झालं. मग ताप सुरू झाला. गोळीने उतरायचा, पुन्हा चढायचा. एका संध्याकाळी आंघोळ घालताना पाठीवर आणि पोटरीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले. बोटाने दाबले तरी पुसट होईनात. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं: हिमोग्लोबिन ६.१, प्लेटलेट १४,०००, पांढऱ्या पेशी ३८,०००. रिपोर्टच्या तळाशी पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनी पेनने लिहिलं होतं, 'ब्लास्ट पेशी दिसतात, आजच तज्ज्ञांना दाखवावे.'

ती आता सातवीत आहे. आमच्या भागात कुणाच्या मुलाला हा आजार निघाला की फोन माझ्याकडे येतो. फोनवर जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिलंय. मी डॉक्टर नाही. औषध आणि मात्रा तुमचे डॉक्टर ठरवतील. पण त्या औषधांभोवतीचा संसार आईबापालाच करायचा असतो, आणि तो कसा करायचा हे केस पेपरवर लिहिलेलं नसतं.

हा आजार म्हणजे नेमकं काय

एएलएलचं पूर्ण नाव अक्यूट लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर. फाईलवर बहुतेक वेळा लिम्फोब्लास्टिक लिहिलेलं दिसेल, आजार तोच. रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे जन्मतात, मोठ्या होतात आणि जंतूंशी लढायला बाहेर पडतात. या आजारात त्या अर्धवट वयातच अडकतात आणि नुसत्या वाढत सुटतात. अशा अर्धवट पेशींनाच ब्लास्ट म्हणतात. वावरात गाजरगवत माजलं की पिकाला जागा उरत नाही, तसं मॅरोत होतं. तांबड्या पेशी कमी पडतात म्हणून पोर फिकट आणि थकलेलं. प्लेटलेट कमी म्हणून ठिपके, काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त. चांगल्या पांढऱ्या पेशी कमी म्हणून ताप. मॅरोत दाटी झाल्यामुळे हाडं दुखतात. काहींच्या मानेत गाठी येतात, यकृत-प्लीहा वाढून पोट फुगलेलं दिसतं. लिम्फोसाइटच्या बी आणि टी अशा जाती असतात; टी-पेशींच्या प्रकारात छातीत गाठ होऊन धाप लागते, मूल आडवं झोपू शकत नाही. असं असेल तर सकाळची वाट पाहू नका.

लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये हाच सगळ्यात जास्त आढळतो, आणि दोन ते पाच या वयात त्याचं प्रमाण सर्वाधिक. तो संसर्गाने पसरत नाही. गरोदरपणी आईने काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, याच्याशी त्याचा संबंध नाही. हे दोन्ही घरातल्या मोठ्यांसमोर डॉक्टरांच्या तोंडून एकदा वदवून घ्या. नाहीतर पुढची दोन वर्षं सगळे आईकडेच बघत राहतात.

पहिले दोन दिवस

सगळ्यात आधी एक काम करायचं नाही. निदान पक्कं होईपर्यंत मुलाला स्टिरॉइड जाऊ द्यायचं नाही. डेक्सा, प्रेडनिसोलोन, बेटनेसॉल अशा नावांनी ते येतं. ताप आणि सांधेदुखीसाठी गावाकडे ते सर्रास टोचलं जातं. आमच्याही लेकीला एका दवाखान्यात कसलं तरी इंजेक्शन दिलं होतं. दोन दिवस ती हसत-खेळत होती आणि आम्ही त्या डॉक्टरांचं कौतुक करत होतो. स्टिरॉइड हे या आजारावरचंच एक औषध आहे. त्यामुळे ब्लास्ट पेशी तात्पुरत्या दबतात, तपासणीत आजार धूसर दिसतो आणि निदान लांबतं. आधी असं काही दिलं गेलं असेल तर तज्ज्ञांपासून लपवू नका. चिठ्ठी, रिकामी बाटली, जे हाताला लागेल ते घेऊन जा.

दुसरं, थेट अशा ठिकाणी जा जिथे लहान मुलांच्या कॅन्सरचा किंवा रक्तविकारांचा स्वतंत्र विभाग आहे आणि रक्तपेढी हाताशी आहे. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आणि त्याचंच खारघरचं केंद्र सगळ्यांना ठाऊक असतं. पण परळलाच मुलांचं वाडिया रुग्णालय आहे. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही उपचार होतात. गोव्यातल्यांनी पहिली चौकशी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात करावी. टाटालाच जायचं म्हणून गावाकडे आठवडाभर गाडीची जमवाजमव करत बसणं धोक्याचं. पोहोचता येईल अशा चांगल्या केंद्रात आज दाखल व्हा, दुसरं मत नंतरही घेता येतं. प्रवासात ताप असेल, प्लेटलेट फार कमी असतील, तर आधी जवळच्या मोठ्या रुग्णालयात रक्त-प्लेटलेट चढवून घ्या.

आजारी पेशी भराभर फुटू लागल्या की त्यांच्यातलं युरिक ॲसिड, पोटॅशियम, फॉस्फेट रक्तात उतरतं आणि किडनीवर ताण येतो. म्हणून पहिल्या काही दिवसांत सलाईनवर सलाईन लावतात, लघवी मोजतात, युरिक ॲसिड कमी करणारी गोळी देतात. 'केमो सोडून नुसतं पाणीच का चढवताय' असं नातेवाईक विचारतील. त्यांना हे सांगा.

तपासण्या, आणि फाईलवरचे शब्द

कमरेच्या मागच्या हाडातून बोन मॅरो काढतात. त्यावर फ्लो सायटोमेट्री होते, म्हणजे पेशी बी जातीची की टी जातीची ते कळतं. मुलांमध्ये साधारण ८५ टक्के बी जातीची असतात. त्याच नमुन्यावर गुणसूत्रांच्या तपासण्या होतात. या महाग असतात आणि घाईत 'नंतर करू' म्हणून राहून जातात. तसं होऊ देऊ नका. फिलाडेल्फिया क्रोमोसोम नावाचा गुणसूत्रातला बदल सापडला तर इमॅटिनिबसारखी रोजची गोळी सुरुवातीच्याच काळात जोडतात, आणि त्याने निकाल बदलतो. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून आजार मेंदूपर्यंत गेलाय का ते पाहतात. मुलाला त्या वेळी गुंगी देतात की नाही हे आधी विचारा. देत असतील तर उपाशी ठेवण्याची वेळ नीट लिहून घ्या. आमची एक तारीख अर्ध्या बिस्किटापायी हुकली होती.

मग 'रिस्क' ठरते. वय १ ते १० च्या आत आणि पहिल्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी ५०,००० पेक्षा कमी, तर सुरुवातीला स्टँडर्ड रिस्क. बाकीचे हाय रिस्क. पण हा पहिला अंदाज झाला. गुणसूत्रं काय सांगतात आणि पहिल्या महिन्याच्या औषधाला पेशी कशा दाद देतात, यावर गट बदलतो. महिनाअखेर बोन मॅरोत आजाराचा सूक्ष्म अंश किती उरला ते मोजतात. त्याला एमआरडी म्हणतात. ०.०१ टक्क्याखाली, म्हणजे दहा हजार पेशींमागे एकीपेक्षा कमी, असा तो आला की डॉक्टरांचा चेहरा सैल होतो. रिस्क हाय आली म्हणजे मूल हातचं गेलं असं नाही. त्याला जास्त तिखट औषधं लागणार, एवढाच त्याचा अर्थ.

मोठ्या माणसांनाही एएलएल होतो. तरुणांना आता बऱ्याच ठिकाणी मुलांच्या धर्तीवरचेच उपचार देतात, पण निकाल मुलांइतके चांगले नसतात. या लेखात मी मुलांपुरतंच बोलतेय.

दोनशे पानी वही

दाखल झालात त्याच दिवशी एक जाड वही घ्या. फाईल दवाखान्याची असते, वही आपली. डावीकडच्या पानावर तारीख, वजन, सीबीसीचे (रक्तातल्या पेशींच्या मोजणीचे) आकडे, दिलेलं औषध. उजवीकडे ताप, शी, उलटी, खाणं आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. ड्युटीवरचे डॉक्टर दर काही महिन्यांनी बदलतात, वही बदलत नाही.

तिच्यात एक हिशेब रोज लागेल, एएनसीचा. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची, म्हणजे त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या एका जातीची, टक्केवारी. समजा पेशी १,८०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, तर एएनसी ३६०. पाचशेच्या खाली गेलं की मुलाकडे जंतूंशी लढायला फौज नाही असं समजा. वॉर्डातल्या आया 'काउंट पडले' म्हणतात ते हेच.

पहिला महिना: इंडक्शन

साधारण चार-पाच आठवडे. आठवड्यातून एकदा व्हिंक्रिस्टिन शिरेतून, रोज स्टिरॉइड, ठरलेल्या दिवशी अस्पॅराजिनेज, काहींना लाल रंगाचं डॉनोरुबिसिन, आणि पाठीच्या मणक्यात मेथोट्रेक्सेट. मेंदूभोवतीच्या पाण्यात शिरेतली औषधं पुरेशी पोहोचत नाहीत, म्हणून ही मणक्यातली सुई. मेंदूत आजार नसला तरी ती द्यावीच लागते. 'पाणी स्वच्छ आलंय, मग सुई कशाला' म्हणून टाळू नका.

स्टिरॉइडवरचं मूल तुमचं राहत नाही. आमची शांत पोर रात्री दोन वाजता उठून बटाटावडा मागायची, पहिला घास घेऊन 'हा नको, तो पिवळा' म्हणत ताट ढकलायची. गाल फुगतात, पोट सुटतं, रक्तदाब आणि साखर वर जाऊ शकते. हा हट्ट औषधाचा असतो, पोराचा नव्हे. मारू नका. थोडं थोडं, कमी मिठाचं, दर दोन तासांनी काहीतरी द्या. गोळ्या बंद झाल्यावर पंधरवड्यात मूल पुन्हा ओळखीचं वाटायला लागतं.

व्हिंक्रिस्टिनने जबडा दुखतो आणि शी घट्ट होते. पातळ करणारं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. एनिमा देऊ नका, गुदद्वारात काही घालू नका, तिथल्या बारीकशा जखमेतूनही जंतू रक्तात जातात. पाऊल आपटत किंवा फरफटत चालतंय असं दिसलं तर वहीत लिहा आणि सांगा. अस्पॅराजिनेज देताना अंगावर गांध्या, खोकला, ओठ सुजणे यावर नजर ठेवा. नंतर पोटात पाठीकडे जाणारी जोराची कळ आली तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. सतत डोकं दुखणं किंवा झटका आला तर मेंदूच्या शिरेत गुठळी झालेली असू शकते. दोन्हींसाठी थेट इमर्जन्सी. डॉनोरुबिसिननंतर लघवी लाल झाली तर ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो. आमच्या सासूबाई ती बघून जमिनीवरच बसल्या होत्या.

महिन्याच्या शेवटी बहुतेक मुलांच्या मॅरोत ब्लास्ट दिसेनासे होतात. इथे एक सापळा आहे. मूल खेळायला लागतं, रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि लोक घरी निघून जातात. सूक्ष्मदर्शकाखाली न दिसणारा आजार तेव्हाही शिल्लक असतो. इथे उपचार सोडलेली मुलं काही महिन्यांत परत येतात, आणि तेव्हा तीच औषधं पहिल्यासारखी चालत नाहीत.

मधले सहा-आठ महिने

याला कन्सॉलिडेशन, इंटेरिम मेंटेनन्स, डिलेड इंटेन्सिफिकेशन अशी लांबलचक नावं आहेत. क्रम केंद्रागणिक थोडा वेगळा. सायक्लोफॉस्फामाइड, सायटाराबिन, मोठ्या मात्रेतलं मेथोट्रेक्सेट, पुन्हा एकदा स्टिरॉइड. पुन्हा टक्कल, पुन्हा काउंट पडणं. केस येतात हो, आमच्या लेकीचे आधीपेक्षा कुरळे आले.

याच काळात माझ्या हातून एक चूक होता होता राहिली. नणंदेने 'रक्त वाढायला' म्हणून टॉनिकची बाटली आणली होती. मी ती डे केअरच्या, म्हणजे दिवसभर केमो घेऊन घरी परतायच्या वॉर्डाच्या, पिशवीत ठेवली. नर्सने बाटली उचलली, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि विचारलं, 'यात फॉलिक ॲसिड आहे. किती दिवस देताय?' एकच चमचा दिला होता. तिने बाटलीवर मार्करने फुली मारून परत दिली.

त्या फुलीमागे मोठी गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात परळलाच होते. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांतल्या गरीब गरोदर बायकांना होणाऱ्या एका तऱ्हेच्या पंडुरोगाचा तिने हाफकिन इन्स्टिट्यूटमधून अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, तो बरा होतो हे तिला दिसलं. त्या अर्कातला गुण पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. नव्या पेशी बनायला ते लागतंच. दुसऱ्या महायुद्धानंतर बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांच्या लक्षात आलं की ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक ॲसिड दिलं तर आजार उलट जोमाने वाढतो. मग त्याची वाट अडवणारं औषध दिलं तर? असं औषध लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने बनवलं. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांवरचा अनुभव छापला. त्यांतल्या १० जणांचा आजार काही काळ मागे हटला होता. त्याआधी या आजारावर हात टेकण्यापलीकडे काही नव्हतं. तुमच्या मुलाचं मेथोट्रेक्सेट त्याच औषधाचं भावंड. ते फॉलिक ॲसिडची वाट अडवून काम करतं, आणि आपण मागल्या दाराने टॉनिकमधून तेच आत सोडतो! मोठ्या मात्रेच्या मेथोट्रेक्सेटनंतर डॉक्टर ल्युकोव्होरिन देतात, तेही फॉलिक ॲसिडच्याच कुळातलं. पण ते घड्याळ लावून, रक्तातली पातळी मोजून देतात. ती वेळ आपण ठरवायची नसते.

म्हणून नियम असा: टॉनिक, काढा, भस्म, पपईच्या पानांचा रस, होमिओपॅथीच्या गोळ्या, काहीही न विचारता नाही. गुळवेल तर 'साधी वनस्पती' म्हणून लोक देतात. कोविडच्या काळात ती घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी केली आहे. इथे औषधांनी यकृतावर आधीच ओझं असतं.

ताप आला तर

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे नको. ताप १०१ फॅरनहाइट एकदा आला, किंवा १००.४ तासभर राहिला, की तो इन्फेक्शनचा समजायचा आणि निघायचं. रात्रीचे तीन असोत, दिवाळी असो. काउंट कमी असताना जंतू काही तासांत रक्तभर पसरतात. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. जाण्याआधी पॅरासिटामॉल देऊन ताप लपवू नका. आयब्रुफेन आणि ॲस्पिरिन तर नाहीच, त्याने रक्तस्राव वाढतो. थर्मामीटर काखेत लावा. कधी कधी ताप येतच नाही, नुसती हुडहुडी भरते किंवा मूल मलूल पडून राहतं. तेही तितकंच गंभीर.

गावाकडे राहणाऱ्यांनी हे आधीच जमवून ठेवायचं असतं. आपल्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर एक पत्र घ्या: आजार काय, कोणती केमो चालू, ताप आल्यास कोणतं अँटिबायोटिक कोणत्या मात्रेत, कोणत्या नंबरवर फोन. ते पत्र तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांना काउंट चांगले असतानाच दाखवून ठेवा. रात्री गाडी घेऊन येईल अशा दोघांचे नंबर दाराच्या मागे चिकटवा. आमच्याकडे दोनदा रात्री निघायची वेळ आली. दुसऱ्यांदा पिशवी भरलेलीच होती, आणि पाऊण तासात सलाईन लागलं.

शाळेत किंवा शेजारी कांजिण्या, गोवर निघाला आणि मूल त्याच्या जवळ गेलं असेल तर अंगावर पुरळ यायची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. संपर्कानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत देण्याजोगं औषध असतं. उपचार चालू असताना गोवर, कांजिण्या, तोंडावाटे पोलिओ अशा जिवंत लसी मुलाला द्यायच्या नाहीत. पोलिओच्या रविवारी आशाताई दारात येतील, त्यांना आधी सांगून ठेवा. घरातल्या धाकट्या भावंडालाही तोंडावाटेचा डोस न देता सुईचा द्यावा.

खाणं, हात, घर

घरात शिजवलेलं, ताजं, गरम. वरण-भात, मऊ भाकरी, उकडलेलं अंडं, नीट शिजलेलं चिकन. केळं, संत्रं अशी सोलायची फळं. काउंट पडलेले असताना कोशिंबीर, कच्ची चटणी, उसाचा रस, पाणीपुरी, चिरून ठेवलेली फळं बंद. पाणी उकळून. तोंड आलं की थंड पेज, ताक किंवा दही चालेल का हे आपल्या केंद्रात विचारून. 'नॉनव्हेजने कॅन्सर वाढतो' म्हणत अंडं बंद करणाऱ्यांना मी हात जोडते. पोराला प्रथिनं कुठून मिळणार?

मास्कपेक्षा हात धुणं महत्त्वाचं. भेटायला येणाऱ्यांना पायरीवरच थांबवा, लोक रागावले तर रागावू द्या. केमोच्या दिवसांत मुलाची लघवी, उलटी साफ करताना हातमोजे घाला. घरात कुणी गरोदर असेल तर तिने ते काम करू नये, केमोच्या गोळ्याही मोडू नयेत.

रक्त आणि पैसा

प्लेटलेट फक्त पाच दिवस टिकतात, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही. गावातल्या, ऑफिसातल्या, गणेश मंडळातल्या पोरांची रक्तगटासह यादी करा. सगळ्यांना एकाच दिवशी नेऊ नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा लागणार आहेत. मशीनवर एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेटला एसडीपी म्हणतात, त्याला दीड-दोन तास लागतात. हे दात्याला आधी सांगा, म्हणजे तो मध्येच उठून जाणार नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत आहे का ते पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, विचारा. रेशनकार्डावर मुलाचं नाव नसेल तर ते काम कुणावर तरी लगेच सोपवा, अडतं ते तिथेच. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि पंतप्रधान निधीच्या अर्जाला रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. हे सगळं रुग्णालयातल्या समाजसेवा विभागातून हलतं. तिथे एकदा जाऊन 'नाही' ऐकलंत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. रेल्वेत डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म दाखवला की उपचारासाठीच्या प्रवासात कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत भाडं लागत नाही, सोबत्यालाही सवलत मिळते.

मुंबईत राहायचं कुठे, हा प्रश्न औषधाइतकाच मोठा. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, आणि कॅन्सरग्रस्त मुलांसाठीच असलेली सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं आहेत. रुग्णालयाची चिठ्ठी लागते, रांग असते. फुटपाथवर राहून काउंट पडलेल्या पोराला वाढवता येत नाही, तेव्हा लाजू नका, पहिल्या दिवशीच विचारा.

मेंटेनन्स: इथे खरी कसोटी

आता मूल शाळेत जातं, केस आलेत, सगळे म्हणतात बरी झाली की. आणि अजून दीड-दोन वर्षं रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिनची गोळी द्यायची असते, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, शिवाय न्यूमोनिया टाळायला आठवड्यातून दोन-तीन दिवस सेप्ट्रान. मर्कॅप्टोप्युरिनच्या शंभरातल्या पाचहून जास्त गोळ्या चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, असं अभ्यासात दिसलंय. महिन्याला दोन चुकल्या की झालंच.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ते रोज दिलं गेलं तर जिवावर बेततं, आणि अशा चुका प्रत्यक्षात होतात, कारण दोन्ही छोट्या पिवळसर गोळ्या. आमच्या घरी ते वेगळ्या, स्टीलच्या डब्यात असायचं आणि डब्यावर मोठ्या अक्षरात 'गुरुवार'. गोळी देणारा माणूसही एकच, मी. मी माहेरी गेले तर लेक आणि डबा बरोबर. गोळी दिली की कॅलेंडरवर त्या चौकोनात टिंब. कालनिर्णयची ती दोन वर्षांची पानं अजून जपून ठेवलीत.

मात्रा काउंट पाहून वरखाली होते. काही मुलांच्या अंगात जन्मतःच ही गोळी पचवणारी यंत्रणा मंद असते. एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातला तो फरक आशियाई लोकांत जास्त दिसतो. नेहमीच्या मात्रेतही काउंट वारंवार कोसळत असतील तर ही तपासणी करायची का, ते विचारा. आणि काउंट कमी आले म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नका. फोन करा, ते सांगतील.

बरं होतं का?

होतं. श्रीमंत देशांत आज शंभरातली नव्वदच्या आसपास मुलं पाच वर्षांचा टप्पा पार करतात. आपल्याकडे हा आकडा कमी आहे. औषधं बहुतेक तीच आहेत. आपली मुलं जातात ती जास्त करून इन्फेक्शनने आणि अर्धवट सोडलेल्या उपचारांनी. म्हणूनच मी ताप आणि गोळी यांवर इतकं लिहिलंय. १९८० च्या दशकात टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेतले डॉ. इयन मॅग्रथ यांनी 'एमसीपी ८४१' ही पद्धत आणली, तेव्हापासून आपल्याकडचे निकाल चढत गेले. आता देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून मुलांसाठी 'आयसायकल' नावाचा समान प्रोटोकॉल, म्हणजे उपचारांचा ठरलेला आराखडा, बसवला आहे.

आजार उलटला तर रस्ता अवघड होतो, पण संपत नाही. कधी पुन्हा केमो, कधी भावंडाचा मॅरो जुळवून प्रत्यारोपण. नव्या औषधांत ब्लिनाटुमोमॅब आहे, खर्चिक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून घडवलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला भारतात परवानगी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, आजारी बी-पेशी ओळखायला शिकवून परत सोडतात. ती परवानगी उलटलेल्या किंवा न दबणाऱ्या आजारासाठी, १५ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांना आहे. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात 'तेच द्या ना डायरेक्ट' म्हणण्यात अर्थ नाही.

गोळ्या बंद झाल्यावर

त्या दिवशी पेढे वाटा, आम्ही वाटले. पण पहिलं वर्ष दर महिना-दोन महिन्यांनी सीबीसी चुकवू नका. नंतर अंतर वाढत जातं. साधारण सहा महिन्यांनी डॉक्टरांना विचारून राहिलेल्या आणि पुसल्या गेलेल्या लसी पुन्हा घ्यायच्या. उंची, वजन, अभ्यासात मागे पडणं, चालताना खुब्यात दुखणं, हे वहीत लिहीत राहा. मुलगा असेल तर अंडकोषाच्या एका बाजूला न दुखणारी सूज आली का, यावर लक्ष ठेवा. आजार कधी कधी तिथून डोकं वर काढतो. हे लाजेपोटी कुणी सांगत नाही.

आणि रुग्णालयातून निघताना एक पानाचा सारांश मागून घ्या: कोणतं औषध एकूण किती गेलं. लाल औषधाचा, म्हणजे डॉनोरुबिसिन-डॉक्सोरुबिसिनचा एकूण आकडा त्यात हवाच. हृदयावर त्याचा परिणाम अनेक वर्षांनीही दिसू शकतो, म्हणून ठरावीक काळाने इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा असतो. लेक तीस वर्षांची होऊन बाळंतपणासाठी एखाद्या दवाखान्यात जाईल तेव्हा तिथल्या डॉक्टरांना तो आकडा लागेल, आणि तोवर आमची वही वाळवीने खाल्लेली असेल. म्हणून तो कागद लॅमिनेट करून सातबाऱ्याच्या फाईलीत लावलाय. आमच्या घरात ती एकच फाईल कधी हरवत नाही.